गोठ्याच्या दारातलं पायपुसणं

आई: …आणि मला एक सांगा, त्या लोकांच्या घरात वीज नाही का? अख्खी मालिका अंधारात. खून अंधारात, जेवण अंधारात, नवरा-बायकोचं भांडण, तेही अंधारात. मला आधी वाटलं आपला टीव्ही गेला.

बाबा: हल्ली तशाच काढतात. विषय गंभीर असला की दिवे घालवायचे.

आई: गंभीर माणसानं दिवा लावू नये असा कायदा आहे का? चार भाग बघितले. शेजारीण सांगते, खुनी तिसऱ्याच भागात दिसतो. मला कुठला दिसायला!

बाबा: एकदा दुकानात ये. नंबर तपासून टाकू.

आई: माझे डोळे ठणठणीत आहेत. चष्मेवाल्याशी लग्न केलं की ‘दिसलं नाही’ म्हणायची सोय नाही. लगेच नंबर!

बाबा: बरं बाई, सरक जरा. तो गेमचा रिमोट कुठाय? ठकूचा फोन येईल आता.

आई: टीव्हीखाली, उजव्या खणात. वायर गुंडाळून ठेवलीय.

बाबा: हा बघ. पुन्हा अर्धाच. गेल्या रविवारी पूर्ण चार्ज करून ठेवला, त्यानंतर हात लावलेला नाही. बॅटरी बसली वाटतं याची.

आई: असेल. हल्लीच्या वस्तूंमध्ये दम कुठाय.

बाबा: अगं, उठू नकोस. बस. तुझ्याशी एक बोलायचंय, तिचा फोन यायच्या आत.

आई: काय झालं? दुकानात काही?

बाबा: दुकान बरंय. असं आहे बघ… ठकूबरोबर दर रविवारी खेळतो ना, त्या शेतीच्या गेमचा मला कंटाळा आलाय. खरं सांगायचं तर पहिल्या दिवसापासूनच.

आई: काय सांगता!

बाबा: भोपळे लावायचे, पाणी घालायचं, भोपळे काढायचे, विकायचे. आणि त्या पैशातून काय आणायचं? भोपळ्याचं बी! हा खेळ आहे की धंदा? आठवडाभर गिऱ्हाईकं सांभाळायची आणि रविवारी भोपळे. वर ते चित्र सारखं हलत असतं, डोकं धरतं माझं. लोकांना सांगतो, टीव्हीपासून लांब बसा, डोळ्यांना विश्रांती द्या. आणि स्वतः इथे भोपळ्याला नाक लावून.

आई: मग लांब बसा की. त्यात गेमचा काय दोष?

बाबा: तू गेमची बाजू घेतेस? तूच ना म्हणायचीस, काय ते वेडे चाळे?

आई: म्हणायचे. म्हणजे, म्हणतेच. पण चालू केलेलं असं अर्ध्यावर सोडू नये माणसानं.

बाबा: आज सांगूनच टाकतो तिला. बंद करू म्हणून.

आई: आज? अहो, गाजरं काढायला आलीत!

बाबा: तुला काय माहीत?

आई: ठकूच नाही का मोठमोठ्यानं सांगत होती गेल्या रविवारी. कान आहेत मला.

बाबा: तीच तर पंचाईत आहे. ही पोर आठवडाभर लिफ्टच्या खड्ड्यात उतरते, कोपरापर्यंत ग्रीस. कुठे कोण अडकलं की धावत जा. आणि तरी रोज गेममध्ये जाऊन शेताची कामं करते. मी रविवारी बघतो तर सगळं चकाचक. कोठार लावलेलं, मेंढ्या भादरलेल्या, कुंपणाची फळी ठोकलेली. कुणासाठी? बापासाठीच ना? म्हाताऱ्याला जड जाऊ नये म्हणून. मला लाज वाटते गं.

आई: हं.

बाबा: हं काय?

आई: काही नाही. गुणाची आहे.

बाबा: आणि दुसरं असं की… हसू नकोस.

आई: नाही हसत. बोला.

बाबा: गेम बंद केला तर रविवारी मी तिच्याशी बोलू काय? तुम्ही दोघी फोनवर बसलात की दूध उतू गेलं तरी कळत नाही. मी घेतला की, जेवलीस? जेवले. बरी आहेस? बरी आहे. देतो आईला. संपलं. ती शाळेत होती तेव्हापासून हेच. मला येत नाही बोलायला. आता भोपळ्याच्या निमित्तानं का होईना, अख्खी दुपार तिचा आवाज असतो या खोलीत. तो गेला तर मला नाही चालणार. अजिबात नाही चालणार.

आई: मग चालू ठेवा ना!

बाबा: तिच्या जिवावर? ती दमून येऊन माझी मेंढरं राखणार आणि मी खुशाल खेळणार? नाही. सांगायला हवं.

(फोन वाजतो. आई तो स्पीकरवर टाकून टीव्हीशेजारी ठेवते.)

लेक: हॅलो! बाबा, आलात का आत?

बाबा: आलो. पण कुंपणात अडकलोय.

लेक: पुन्हा? उडी मारा. गोल बटण.

बाबा: चारही गोलच आहेत.

आई: खालचं हो, खालचं! दाबून धरा.

लेक: बघा, आईला कळतं. आई, तूही खेळत जा ना कधीतरी.

आई: मला काय कामं नाहीत? आधी तू सांग, आवाज असा का येतोय? झोपली नाहीस ना पुरेशी?

लेक: झोपले गं. काल सुट्टी होती, दुपारी उठले. मग एक माणूस नुसतं गवत कापतो त्याचे व्हिडिओ बघत बसले.

आई: गवत?

लेक: हो. बोलत नाही, काही नाही. लोकांच्या अंगणातलं वाढलेलं गवत कापतो आणि जातो. इतकं बरं वाटतं ना! हल्ली मला कथानकच नको वाटतं. कुणी मेलं, कुणी फसवलं… कामावर कमी आहे का डोक्याला ताप?

बाबा: बटण सापडलं. निघालो कुंपणातून.

लेक: वा! या इकडे, विहिरीपाशी. बाबा, मला ना एक बोलायचं होतं.

बाबा: मलाही.

लेक: मग आधी तुम्ही.

बाबा: नाही, तू बोल.

लेक: नाही, म्हणजे तसं काही नाही. असू दे, नंतर. आधी सांगते, कोठार काय सुंदर लावलंय! मी काल जरा डोकावले तर बघतच राहिले. बटाटे एका रांगेत, गाजरं एका रांगेत, जुनी पुढे, नवी मागे. बाबा, गेममध्ये काही कुजत नाही हो. कसंही टाका, तसंच राहतं. तरी तुम्ही एवढं मन लावून…

बाबा: मी?

लेक: आणि ती पायपुसणी! हसून हसून पोट दुखलं माझं. प्रत्येक दारात एक. गोठ्याच्यासुद्धा! गाय पाय पुसून आत येणार आहे का?

बाबा: अगं, मला वाटलं तूच टाकलीस. गंमत म्हणून.

लेक: मी? माझ्या खऱ्या खोलीच्या दारात पायपुसणं नाही, मी गायीला कशाला देऊ?

आई: नाही? अगं, मग बाहेरची सगळी घाण आत…

लेक: एक मिनिट हं, आई. बाबा, तुम्ही रोज दुपारी येता ना शेतावर? मी डबा उघडते आणि माझा फोन टिंग करतो. ‘बाबा शेतावर आले.’ रोजच्या रोज.

बाबा: दुपारी मी दुकानात असतो.

लेक: मग दुकानातून खेळता?

बाबा: दुकानातून चष्मे विकतो. हे यंत्र इथे घरी आहे, टीव्हीला जोडलेलं. मला वाटत होतं तू करतेस हे सगळं. कामावरून आल्यावर.

लेक: मी तर रविवारखेरीज एक बी पेरलेलं नाही! फार तर डोकावते. बाबा… दुपारी घरी कोण असतं?

आई: मी चहा ठेवते.

बाबा: बस खाली.

आई: अहो, दूध तापवायचं राहिलंय.

बाबा: जुनं पुढे, नवं मागे. माझ्या मोज्यांच्या खणातसुद्धा असंच आहे. मी आंधळा आहे का? चष्म्याचं दुकान घालून बसलोय आणि हे दिसलं नाही मला!

लेक: आई! तू?

आई: ओरडू नकोस, शेजारी ऐकतील.

लेक: ऐकू देत की! कधीपासून?

आई: मी काही मुद्दाम नाही हं सुरू केलं. फडकं मारत होते. तो रिमोट पुसताना कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि टीव्ही लागला. बघते तर एक मेंढी चिखलात रुतलेली. ओरडत होती बिचारी. आता टाकून जाऊ का तिला?

बाबा: मग?

आई: मग काय, बटणं दाबत बसले. अर्धी दुपार गेली, पण काढली बाहेर. मग म्हटलं, आलेच आहे तर कोठार बघू. उघडलं आणि डोक्यात तिडीकच गेली! गाजरांत बूट, बियाण्यांत कुऱ्हाड, मध्येच एक मेलेला मासा. कोणी घातला होता तो पसारा?

लेक: मी.

बाबा: मासा माझा.

आई: इस्पितळाचं भांडार सांभाळलंय मी. सलाइन कुठे, सुया कुठे, डोळे मिटून हात घातला तर हाताला यायचं. मला असलं बघवतं का? लावून टाकलं. दुसऱ्या दिवशी म्हटलं, लावलेलं राहिलंय का ते बघावं. मग पाणी घालायचं होतं. मग ती काळी मेंढी ओळखायला लागली मला.

बाबा: गेममधली मेंढी?

आई: मी आले की कुंपणापाशी येते. तुम्ही गेलात की येते का?

बाबा: नाही.

आई: झालं तर मग.

लेक: आई, पण सांगितलं का नाहीस?

आई: कोणत्या तोंडानं सांगू? सुरुवातीला एवढी नावं ठेवली. आणि खरं सांगू का तुम्हाला दोघांना, निवृत्त झाले तशी मला कोणी काही विचारेना. पूर्वी दिवसभर, मॅडम हे कुठे, मॅडम ते संपलं. आता घरात विचारून विचारून काय विचारणार, तर रिमोट कुठाय. तिथे चार वस्तू माझ्या हातानं लागतात, रोज काहीतरी वाढलेलं असतं. आवडतं मला. झालं? आवडतं!

बाबा: अगं, मग चोरून कशाला? मी काय खाणार होतो तुला?

आई: हसला असतात.

बाबा: हसलो असतो. पण थोडंसंच.

लेक: थांबा, थांबा, मला आता वेगळंच टेन्शन आलंय. बाबा, रागावणार नाही ना?

बाबा: बोल.

लेक: मला मघाशी जे बोलायचं होतं ना… मला गेम बंद करायचा होता. केव्हाचा. कामावरून सुटायचं आणि गेममध्ये हजेरी लावायची, असं व्हायला लागलंय. आता हे पीक आलं, आता ते सुकतंय, आता अपडेट टाका. कंपनीचं ॲप कमी आहे का मला पळवायला? पण रोज दुपारी ते टिंग वाजायचं. मला वाटायचं, बाबा दुकान बंद करून, जेवण सोडून, एकटे शेतावर बसतात. माझी वाट बघत. मग कुठल्या तोंडानं सांगू, नको म्हणून? मी सगळ्या पोरींना सांगते, माझे बाबा ना, गेमर आहेत.

बाबा: मी?

लेक: हो! हसू नका.

बाबा: हसत नाही. ठकू, मलाही तेच सांगायचं होतं.

लेक: काय?

बाबा: मला भोपळ्याचा वीट आलाय.

लेक: अरे देवा! मग तुम्ही इतके महिने…

बाबा: तुझ्यासाठी.

लेक: आणि मी तुमच्यासाठी!

आई: धन्य आहात. आणि शेती मी करायची.

लेक: बरं झालं बाई, जीव भांड्यात पडला. मग बंदच करू या ना, बाबा? आपला दोघांचा रविवारचा कार्यक्रम?

बाबा: हो. करू या.

लेक: नक्की ना? वाईट नाही ना वाटणार?

बाबा: छे. वाईट कसलं. दोघांनाही नको असेल तर कशाला उगीच.

लेक: हो ना.

बाबा: हं.

लेक: बाकी काय?

बाबा: जेवलीस का?

लेक: हो, जेवले.

बाबा: बरी आहेस?

लेक: बरी आहे.

बाबा: बरं मग. देतो आईला.

आई: मला नका देऊ.

बाबा: घे ना. तुम्ही बोला.

आई: नाही घेत. द्या तो रिमोट इकडे. आज राजरोस खेळणार आहे मी. आणि तुम्ही सांगा तिला मघाशी मला काय म्हणालात ते.

बाबा: काय म्हणालो? काही नाही. भोपळ्याचंच.

आई: त्यानंतरचं.

लेक: काय आई? काय म्हणाले?

आई: मी नाही सांगणार. त्यांचं त्यांनी सांगावं. एवढा मोठा माणूस, दिवसभर लोकांना समोरची अक्षरं वाचायला लावतो, आणि स्वतःच्या पोरीसमोर तोंड उघडत नाही.

बाबा: अगं, ती कामात असेल.

लेक: मी पलंगावर लोळतेय, बाबा.

बाबा: असं आहे बघ… मला तो गेम काही आवडत नव्हता. पण तू बोलत असायचीस. बाबा डावीकडे या, बाबा उडी मारा, बाबा तो दगड उचलू नका. अख्खी दुपार या खोलीत तुझा आवाज असायचा. शाळेतून आल्यावर असायचा तसा. ते आवडायचं मला. फार आवडायचं. आता ते गेलं तर मी काय करू, ते मला माहीत नाही.

लेक: बाबा…

बाबा: रडू नकोस. रडतेस का?

लेक: नाही. थोडीशी. मग तुम्ही तसं कधी म्हणाला का नाहीत? मी आपली भोपळ्यांचे भाव सांगतेय, खताचं सांगतेय. मला वाटायचं, हे सोडून दुसरं बोलले तर तुम्हाला कंटाळा येईल. लगेच आईला फोन द्याल.

बाबा: दिला असता. खरंय. सवय आहे.

आई: आता देऊन बघा! आणि दोघांनी जरा गॅलरीत जाऊन बोला. माझं लक्ष विचलित होतं. ती काळी कुठे गेली? ठकू, या विहिरीला झाकण बसवता येतं का?

लेक: येतं. सुताराकडे जा, फळ्या घेऊन.

आई: सुतार आज नसतो, तो एक दिवसाआड असतो. एवढंही माहीत नाही तुला? कमाल आहे. जा, जा तुम्ही.

बाबा: आलो बघ गॅलरीत. इथे ऐकू येतंय ना?

लेक: स्पष्ट येतंय.

बाबा: आई आतून त्या मेंढीला रागावतेय.

लेक: ऐकू येतंय तेही!

बाबा: आनंदात आहे. बऱ्याच दिवसांनी तिला अशी तावातावानं बोलताना ऐकतोय. …ठकू, एक विचारू? तुझ्या कामाचं. मला नेहमी वाटायचं विचारावं, पण म्हटलं आपल्याला त्यातलं काय कळणार.

लेक: विचारा की.

बाबा: लिफ्ट मध्येच बंद पडते, आत माणसं असतात. तू जाऊन आधी काय करतेस? मोटर बघतेस?

लेक: नाही, मोटर नंतर. आधी दाराशी जाऊन हाक मारायची. मी आलेय म्हणून सांगायचं. आणि मग काम चालू असताना बोलत राहायचं.

बाबा: काय बोलतेस?

लेक: काहीही. कुठे निघाला होतात, घरी कोण कोण असतं, आज गरम होतंय का. परवा एका आजोबांना मी ते गवतवाल्याचं सगळं सांगितलं. काय बोलतो त्याला महत्त्व नसतं, बाबा. आवाज येत राहिला पाहिजे. बाहेरचं माणूस गप्प झालं ना, की आतलं घाबरतं.

बाबा: हं.

लेक: बाबा? आहात ना?

बाबा: आहे, आहे. त्या आजोबांचं सांग. पहिल्यापासून. मला आज कुठे जायचं नाही.